गोड आवाजातलं नको

४ नोव्हेंबर

दिवसभर बोलून जीव दमतो, घरी आले की तोंड उघडायचा कंटाळा येतो, असं मी लोकांना सांगते. साफ खोटं आहे. मला घरीही बोलायचंच असतं. पण दादा बातम्या लावून बसतो, वहिनीच्या हातात फोन असतो आणि ठकू कानांवर हात ठेवते. म्हणून ही वही. कागद निदान मध्येच उठून तरी जात नाही.

ठकू म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची, वय वर्षं नऊ. ती बोलते, पण उसनी वाक्यं. त्यातली बरीचशी माझी, कारण मी बस स्थानकावर घोषणा करते आणि शाळेला सुट्टी असली की ती माझ्या केबिनमध्ये येऊन बसते. कुठेही, काहीही चाललेलं असो, ही आपली म्हणणार, "गाडी थोड्याच वेळात सुटेल." आधीची थेरपीवाली म्हणायची, ही पोपटपंची आहे, लक्ष देऊ नका. ती एकेका बरोबर शब्दाला एकेक बिस्कीट द्यायची. ठकूने बिस्किटं खाल्ली, शब्द काही दिले नाहीत.

आज नवीन बाई आली. वयाने माझ्या निम्मी असेल. चप्पल काढून सरळ फरशीवर बसली. ठकू खिडकीत बाटल्यांची झाकणं ओळीने लावत होती, तर हीसुद्धा शेजारी झाकणं लावायला लागली. "माझ्याकडे बघ" नाही, "हे काय आहे सांग" नाही. तासभर झाकणं. याला थेरपी म्हणतात? मी दारात उभी राहून पाय आपटत होते. शेवटी ठकू म्हणाली, गाडी थोड्याच वेळात सुटेल. बाई लगेच उठली आणि म्हणाली, "बरं, पुरे झालं ना तुला? मग थांबू या आज."

मग तिने दादाला समजावलं की हे वाक्य ठकूने निघायची वाट बघणाऱ्या लोकांमध्ये ऐकलंय, म्हणून तिला निघायचं असलं की ती ते वापरते. पोपटपंची नाही, तिच्यासाठी तो पूर्ण अर्थाचा शब्द आहे. मला वाटायचं पोरगी माझी नक्कल करते. खरं सांगायचं तर मी त्यावर खूशही व्हायचे.

११ नोव्हेंबर

घाबरली किंवा दमली की ठकूची ती उसनी वाक्यंही जातात. तोंड मिटतं ते मिटतंच. अशा वेळेसाठी बाईने टॅबलेट आणलाय. त्यावर चित्रांचे चौकोन आहेत. चौकोन दाबला की टॅबलेट बोलतो. बोलणं हे तोंडानेच झालं पाहिजे असं काही नाही, असं बाईचं मत आहे. हाताने, चित्राने, उसन्या वाक्याने, जसं जमेल तसं. माझ्यासारख्या तोंडाच्या जोरावर पोट भरणारीला हे पचायला जरा जड गेलं.

पण टॅबलेटमधला आवाज म्हणजे सर्दी झालेला बाप्या. ठकू तो ऐकून टेबलाखाली गेली. दादा म्हणाला, घरात एवढी आवाजाची राणी असताना हा कशाला? बाईने मला विचारलं, तुम्हाला चालेल का? मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना, बरंच काम आहे, नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही. दादा हसून म्हणाला, हिने जन्मात कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. सगळे हसले. मीही हसले.

१८ नोव्हेंबर

सध्या मी कपाटात बसून रेकॉर्डिंग करते. अक्षरशः कपाटात, गाद्या-रजयांच्या मध्ये. तिथे आवाज घुमत नाही. वहिनीला वाटलं माझं डोकं फिरलंय.

मला काम शिकवलं त्या बाईंचा एकच नियम होता: आधी ओठ हसले पाहिजेत, मग आवाज आपोआप हसतो. आमचे साहेब नेहमी म्हणतात, तुम्ही गाडी रद्द झाल्याचं सांगितलंत तरी लोकांना काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. हे काही ऐऱ्यागैऱ्याला जमत नाही.

बाईने दिलेल्या शब्दांत पाणी, भूक, शाळा हे आहेच. पण शिवाय "नको", "थांब", "हात लावू नकोस", "मला नाही आवडलं", आणि वर "गप्प बस". मी गप्प बस सोडून दिलं. बाईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, नऊ वर्षांच्या बाकीच्या मुली म्हणतात की नाही? मग हिच्याकडेच फक्त शहाण्या मुलीचे शब्द का? वहिनीने तिचीच री ओढली. ठीक आहे, केलं रेकॉर्ड. पण असं केलंय की पाहुण्यांना म्हटलं तरी वाईट वाटणार नाही.

२ डिसेंबर

बाईचा नवा फतवा: टॅबलेट ठकूने वापरावा असं वाटत असेल, तर आधी आपण वापरायचा. बोलता बोलता आपण चौकोन दाबायचे, तिला काही करायला सांगायचं नाही, परीक्षा घ्यायची नाही. दादाला चहाचा चौकोन सापडलाय. दिवसभर माझ्याच आवाजात माझ्याकडे चहा मागतो. मी करून देते, वर विनोदाला हसतेही.

पण आज गंमत झाली. जेवायला बसलो आणि ठकूने नेहमीसारखं ताट ढकललं. मग टॅबलेट ओढून घेतला, बराच वेळ चौकोन धुंडाळले आणि दाबलं: "पंखा. बंद." दादाने पंखा बंद केला. ती जेवली. पूर्ण जेवली. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की हिला भाजी आवडत नाही, आमटी आवडत नाही, आम्हीच आवडत नाही. तो पंखा जरासा खरखरतो. आम्हाला ऐकूही येत नाही.

वहिनी मोरीत जाऊन रडली. दादा स्टूलवर चढून उगाचच पंखा पुसत बसला. आणि मला, काय सांगू, अभिमान वाटला. आवाज माझा होता ना.

९ डिसेंबर

ठकूला घेऊन बुटांच्या दुकानात गेले होते. वहिनीला काम होतं, दादाला सुट्टी नव्हती, म्हणजे मीच. दुकानदाराने तिच्या पायात बूट घातले आणि ठकूने लगेच दाबलं, "नको." दुकानदार भलताच खूश झाला. पुन्हा दाबायला लावलं. गल्ल्यावरच्या बाईला बोलावून ऐकवलं. अगं बाई, किती गोड म्हणते, असं दोघांचं चाललं होतं. ठकू दाबत राहिली, ते हसत राहिले. मी सांगितलं, आवाज माझा आहे. दुकानदार म्हणाला, तरीच.

बूट घेतले. मापाचे होते, मी अंगठा दाबून पाहिला होता. घरी येईपर्यंत ठकू एक अक्षर बोलली नाही.

१४ डिसेंबर

ठकूच्या टाचेला हा एवढा फोड आलाय. आजकाल बुटांचा दर्जाच राहिलेला नाही, असं मी म्हणत होते, तेवढ्यात बाईने विचारलं, दुकानात ती काही म्हणाली होती का? मी म्हटलं, नको म्हणत होती, पण नव्या वस्तूला ती नेहमीच बिचकते. बाईने टॅबलेट आमच्यामध्ये ठेवला, नको दाबलं आणि सगळ्यांना डोळे मिटून ऐकायला सांगितलं.

वहिनी डोळे मिटूनच म्हणाली, "हे ऐकून मी तिला आणखी एक घास भरवला असता."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, मग काय केकाटायला हवं होतं? बाई म्हणाली, केकाटायचं नाही, फक्त त्यात हसू नको. ठकूला बूट चावत होते आणि तिने ते सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. तिच्याकडे शब्द होता, वेळेवर वापरलाही, तरी कुणी ऐकलं नाही. असं चारदा झालं तर ती सांगणंच सोडून देईल. मग उद्या कुणी हात धरला तरी सांगणार नाही.

उद्या पुन्हा कपाटात.

१७ डिसेंबर

जमत नाही. पहिलं नको नाटकातल्या खाष्ट सासूसारखं आलं. दुसरं रडकं. तिसरं पुन्हा गोड. मग ओठ दाताखाली दाबून पाहिले, तर शिंक यायच्या आधी माणूस बोलतो तसा आवाज आला. दादा कपाटाबाहेर उभा राहून गुण देत होता. सगळ्यांना दहापैकी दोन. तूर्त टॅबलेटमध्ये जुनंच ठेवलंय.

बाईला फोन केला. ती म्हणाली, तुम्ही शेवटचं मनापासून नको कुणाला म्हणालात, ते आठवा आणि तसंच म्हणा. मी म्हटलं, अशी पटकन आठवण्यासारखी गोष्ट आहे का ती? रोजच कुणाला ना कुणाला म्हणत असेन.

आज शेजारीण येऊन तिच्या कुंड्यांना पाणी घालायची जबाबदारी देऊन गेली, दोन महिने गावाला चाललीय. आणि साहेबांनी रविवारची पाळी पुन्हा माझ्याच गळ्यात मारली. बाकीच्यांना घरदार आहे म्हणे. मी काय फलाटावर राहते? पण जाऊ दे, कुणीतरी करायलाच हवं.

५ जानेवारी

मोठी बातमी. साहेबांच्या कानावर टॅबलेटची गोष्ट गेली. स्थानकाचा वर्धापनदिन आहे, पाहुणे येणार आहेत, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार आहे. त्यांची कल्पना अशी की माझ्या केबिनमधून, माझ्या माईकवर, ठकूने टॅबलेटचा चौकोन दाबून सगळ्यांचं स्वागत करायचं. त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी हो म्हणून बसले. मी आणि ठकू, दोघी एकाच आवाजात, सगळ्या फलाटांवर. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

स्वागताचं वाक्य लगेच रेकॉर्ड केलं. अप्रतिम झालंय.

बाई म्हणाली, ठकूला विचारलंत? मी म्हटलं, तिला केबिन आवडते. बाई म्हणाली, मग विचारायला काय हरकत आहे? विचारलं. ठकूने दाबलं, "नको." मी म्हटलं, अगं फक्त पाच मिनिटं. पुन्हा नको. आता आपलाच आवाज आपल्याला लाडेलाडे नको म्हणतोय म्हटल्यावर हसू येणार नाही तर काय. पहिल्या वेळी सगळेच बुजतात. दादा म्हणाला, नको म्हणतेय तर राहू दे. पण मी शब्द देऊन बसलेय, साहेबांना आता काय सांगू? शेवटी वहिनी म्हणाली, मी बरोबर येते, तिला त्रास झाला तर लगेच परत आणायचं. एवढं कबूल केलंय.

१२ जानेवारी

जसं झालं तसं लिहिते.

केबिन दोन माणसांची. आत साहेब, दोन पाहुणे, फोटोग्राफर, मी आणि ठकू. वहिनीला जागाच नव्हती, ती खाली फलाटावर थांबली. ठकूने कानांवर जाड हेडफोन घातले होते, गर्दीत ती घालतेच. साहेब म्हणाले, फोटोत चेहरा झाकला जातोय. हेडफोन मीच काढले.

माईक चालू केला, लाल दिवा लागला. ठकू पुटपुटली, "गाडी थोड्याच वेळात सुटेल." बाहेर भोंग्यांतून ते गेलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हीच घोषणा. मला मात्र कळलं होतं. तिथे फक्त मलाच कळलं होतं, आणि मी ओठांवर हसू ठेवून उभी होते.

मग तिने टॅबलेट माईकला लावला आणि दाबलं, "नको."

काचेतून मला सगळे फलाट दिसतात. लोकांनी माना वर केल्या आणि ते हसले. पिशव्या धरलेल्या बायका हसल्या, एका आजोबांनी कौतुकाने मान डोलावली. "नको. नको." मी माझा आवाज आयुष्यभर ऐकत आलेय, पण असा, बाहेरून, कधी ऐकला नव्हता. पाहुणा ताटावर आडवा हात धरून नको नको म्हणतो आणि आपण खुशाल वाढतो, तसं ते नको होतं. आणि माझ्या शेजारी पोरगी थरथरत होती.

साहेब म्हणाले, वा, आता स्वागताचं. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिचं बोट त्या चौकोनाकडे नेलं. तिने मूठ आवळली. ते हसत हसत मूठ उघडायला लागले. वाईट हेतू नव्हता त्यांचा. दुकानदाराचाही नव्हता.

"नको," मी म्हटलं.

आवाज चढवला नाही. चढवायचं सुचलंच नाही. माईक चालूच होता. तीन नंबरच्या फलाटावर गाडीत चढणारी माणसं पायरीवरच थांबली, त्यांना वाटलं त्यांनाच सांगितलं. साहेबांचा हात सुटला. "अहो," एवढंच ते म्हणाले. मी माईक बंद केला, ठकूच्या कानांवर हेडफोन चढवले आणि तिला घेऊन बाहेर पडले.

वहिनी जिना धावत चढत होती. ठकूला आधी तिने जवळ घेतलं नाही, समोर गुडघ्यांवर बसली आणि ठकू आपणहून तिच्या कुशीत शिरेपर्यंत थांबली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आत ते कोण बोललं?"

मी म्हटलं, मी. तिला पटेना.

१४ जानेवारी

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं की तीन नंबरच्या फलाटावरच्या प्रवाशांची गैरसोय झाली, त्याबद्दल क्षमस्व. गैरसोय त्यांचीच झाली होती. बाकी काही लिहायला सुचलं नाही.

ठकू दोन दिवस टॅबलेटला शिवलेली नाही. बाई म्हणालीच होती, सांगणंच सोडून देईल. बाईला सगळं सांगितलं, हेडफोनचंही. वाटलं होतं झाडेल. ती म्हणाली, मला नका सांगू, तिला सांगा. आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

पण टॅबलेटमध्ये "माझं चुकलं" नव्हतंच. कुणी घालायला सांगितलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. कपाटात जाऊन केलं रेकॉर्ड. मग ठकू झाकणं लावत होती तिथे बसले, चौकोन दाबला आणि तोंडानेही म्हटलं. तिने बघितलं नाही. थोड्या वेळाने एक झाकण माझ्या बाजूला सरकवलं. त्याचा अर्थ काय ते मला माहीत नाही, पण मी ते ओळीत लावलं.

१६ जानेवारी

बाई भलतीच हुशार निघाली. तिने विचारलं, केबिनमधलं बोलणं रेकॉर्ड होतं का? होतं, तक्रारी आल्या तर ऐकायला म्हणून. मग ते नको मिळेल का? आमच्या तंत्रज्ञाने काढून दिलं. मागे बसचा हॉर्न आहे आणि शेवटी साहेबांचा "अ" थोडासा राहिलाय. तंत्रज्ञ म्हणाला, साफ करून देतो. बाई म्हणाली, असू दे.

मी घरी ते एकटीने ऐकलं. कुठल्या तरी अनोळखी बाईचा आवाज आहे. मला तर जरा भीतीच वाटली तिची.

जुनं काढून ते घातलं. ठकूला काही सांगितलं नाही. टॅबलेट झाकणांशेजारी ठेवून दिला.

२३ जानेवारी

आज रविवार. पाळीला दुपारी जायचं होतं, म्हणून सकाळी ठकूची वेणी घालायला बसले. वेणी घालताना मी तिला नेहमी ऑफिसातलं सगळं सांगते, तेवढीच एक हक्काची श्रोती. साहेबांचं तोंड अजून कसं फुगलेलं आहे, तंत्रज्ञ काय म्हणाला, शेजारणीच्या कुंड्यांत काय वाळलं, माझं चाललं होतं. ठकूने हात लांब करून टॅबलेट ओढला.

"नको." मागे हॉर्न.

माझा हात केसांतच थांबला. घरात सगळं थांबलं. दादाने बातम्यांचा आवाज बंद केला, वहिनी हातातला फोन तसाच धरून दारात आली. आणि मला, खरं लिहिते, राग आला. माझं नको, मीच मिळवून दिलेलं, आणि पहिल्यांदा वापरलं ते माझ्यावरच? पण कंगवा खाली ठेवला. ते ऐकल्यावर कंगवा धरून ठेवता येतच नव्हता.

ठकूने मागे हात नेला, चाचपून कंगवा उचलला आणि माझ्या हातात परत दिला. मला काही कळेना. मी विचारलं, अगं, मग काय नको? तिने चौकोन शोधला. शांतपणे शोधला, तिला घाई नव्हती.

"गप्प बस."

वहिनीने तोंडाला पदर लावायचं सोंगही केलं नाही, सरळ हसली. दादा तर खोकायलाच लागला. मी गप्प बसून वेणी घातली. पंखा बंद होता. केसांतून कंगवा जातो त्याचा आवाज होतो हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ठकूने मान सैल सोडली आणि पाठ माझ्या गुडघ्यांना टेकवली. हे तिने याआधी कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आजची पाळी आहेच, पुढच्या दोन रविवारचीही माझ्याच नावावर टाकतोय, असं सांगत होते. मी म्हटलं, आज येते, पुढचे दोन नको. त्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना तुमची? मी म्हटलं, बरी आहे. असं का विचारलं कोण जाणे.

ते "गप्प बस" मात्र पुन्हा रेकॉर्ड करायला हवं. फारच लाडात आलंय.